पोथीतलं वय, खडकाचं वय

"पोरगा भूशास्त्र शिकायला गेला आणि पोथीला खोटं म्हणायला लागला, ताई." जळगाव-भुसावळकडच्या आईवडिलांकडून ही काळजी मी वारंवार ऐकते. त्यातल्या एका घराची हकिकत, ओळख बदलून.

वडील केळी बागायतदार, चातुर्मासात पोथी लावणारे. मुलगा बीएस्सीला. वडील म्हणत, "ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा. विज्ञान पृथ्वी 454 कोटींची सांगतं. जुळलं ना?" मुलगा म्हणे, "आबा, त्याच हिशेबानं चालू कल्पाची, म्हणजे ब्रह्मदेवाच्या आत्ताच्या दिवसाची, जेमतेम 197 कोटी वर्षं झालीत. सोयीचा आकडा का घेता?" आकड्यांपुरतं मुलाचं बरोबर होतं. पण दोघंही माझ्याकडे निवाडा मागत होते, तो मी दिला नाही.

एकदा वडिलांना विचारलं, "समजा, नाहीच जुळलं. मग काय होईल?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग माझ्या मायनं जन्मभर वाचलं ते वाया गेलं."

मुलगा चमकून बघत राहिला. त्याला विचारलं, "आबा हरले तर तुला काय मिळेल?" तो म्हणाला, "मी शिकतोय ते कामाचं आहे, असं घरात कुणीतरी म्हणेल."

पृथ्वीच्या वयावरून भांडण नव्हतंच. माणसाला आकडा दुखवत नाही, त्याला आपण चिकटवलेला अर्थ दुखवतो. मी इतकी वर्षं याच धाग्यानं काम करते, आणि तो क्वचितच तुटतो.

दोघांना अडावदजवळ उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर पाठवलं. वडिलांनी शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून गरम पाणी काढल्याची कथा सांगायची. मुलानं सांगायचं, पाणी भेगांतून खोल जाऊन तापतं आणि वर येतं ते कसं. अट एकच: दुसऱ्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगायचं, जुळवायचं नाही. पुढच्या भेटीत भेगांचं सगळं वडिलांनीच मला समजावलं! मुलगा आजी कुठला अध्याय वाचायची ते विचारून आला होता.

पालकांनो, पोथीसाठी भूशास्त्राची साक्ष काढू नका. 1956 साली अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय सुमारे 455 कोटी ठरवलं. त्याआधीचे बहुतेक अंदाज बरेच कमी होते. विज्ञानातला आकडा पुराव्यानं बदलतो, त्यावर श्रद्धा टेकवली की प्रत्येक दुरुस्ती घाव वाटते. आणि मुलांनो, चुकीचा हिशेब एकदा नीट दाखवा, पण आरती चालू असताना, पाहुण्यांसमोर नको.