जुनी गाडी घेताना आधी वजन बघ

बजेट बेताचं आणि चालवायला मजाही हवी, तर हॉर्सपॉवरचे आकडे बाजूला ठेव. मजा हलक्या गाडीत असते. १९८९ ची पहिली माझदा एमएक्स-५ बघ, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, वजन टनाच्या आत, ताकद सव्वाशे हॉर्सपॉवरही नाही, तरी वळणावर काय पळते! दोन सीटवर भागत नसेल तर सुझुकी स्विफ्टसारखी हॅचबॅक, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअर. बिघडायलाच कमी गोष्टी. स्वस्तात मिळणारी जुनी लक्झरी गाडी मात्र नको रे बाबा; गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही.

बघायला जाशील तेव्हा मालकाला आधीच सांग, इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री कर. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण काढून आतून बघ. दुधाळ चिकटा दिसला तर हेड गॅस्केटची (इंजिनातलं ऑइल आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट एकमेकांत मिसळू न देणारं सील) शंका घे (नुसत्या छोट्या फेऱ्या मारल्या तरी ओल साचून तसं होतं, म्हणून कूलंटही तपास). टायरवरच्या तारखेच्या कोडमधले चार आकडे वाच: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने आणखी कुठे हात आखडला असेल ते ओळख.

टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) असेल तर बदलल्याची पावती माग. नुसतं तोंडी उत्तर मिळालं, तर बदललाच नाही असं धरून तो खर्च किमतीतून वजा कर.