अँड्रॉइडचा कोड फुकट आहे तर मोबाईल कंपन्या गुगलचं का ऐकतात?
कोड फुकट आहे हे खरंय, २००८ पासून कुणीही उतरवून घेऊन आपल्या फोनात घालू शकतो, त्याच्या अपाची लायसन्समुळं (म्हणजे कोड वापरायचा मोकळा परवाना) स्वतःचे बदल उघडे करायची सक्ती पण नाही (अँड्रॉइडच्या बुडाशी असलेल्या लिनक्स कर्नलचं वेगळं, तो जीपीएल परवान्यात आहे, तिथं बदल उघडे करायला लागतात). पण प्ले स्टोअर, जीमेल, मॅप्स त्या कोडात नसतंच ना भावा, त्याला गुगलशी वेगळा करार करायला लागतो. म्हणजे भडंग फुकट पण शेंगदाणे, लसूण, मसाला मालकाच्या अटीवर, असलं काम. २०११ ला हनीकोंब या अँड्रॉइडच्या टॅबलेटवाल्या आवृत्तीचा कोड तर गुगलनं कित्येक महिने दिलाच नव्हता. ॲमेझॉननं फायर टॅबलेट गुगलशिवाय काढला, स्वतःचं ॲपस्टोअर घालून, पण सांगलीत मारुती रोडला प्ले स्टोअर नसलेला फोन विकायला ठेवा बघू, गिऱ्हाईक हातात घेतंय आणि गपचूप परत ठेवतंय.