डोकं दुखलं तर कुणाला सांगायचं?

प्रश्न : ताई, मी फोंड्याला राहते. वय ४८, शाळेत शिक्षिका. एप्रिलमध्ये मुलीच्या गटाबरोबर उत्तराखंडातल्या केदारकांठाला निघाले आहे. हिमालय पहिल्यांदाच. रोज सकाळी पाऊण तास चालते, रक्तदाब आणि साखर ठीक आहे. बाकी सगळे पंचविशीतले. माझ्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये म्हणून काय तयारी करू? – एक वाचक, फोंडा

उत्तर : बाई, पत्रातला ‘खोळंबा’ हा शब्द मला बोचला. आधी त्याबद्दलच लिहिते.

माझा पहिला ट्रेक हिमाचलातल्या हामटा खिंडीचा, उंची ४,२७० मीटर. आधी वर्षभर मिरामारच्या वाळूत धावत होते, दम चांगला होता, म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे. चिकाच्या मुक्कामी संध्याकाळी डोकं ठणकू लागलं, घास उतरेना. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून मी गप्प राहिले, कारण माझ्यासाठी कुणी थांबायला नको होतं. दुसऱ्या रात्री, साधारण ३,६०० मीटरवर, उलट्या सुरू झाल्या. उजाडताच वाटाड्या मला घेऊन खाली उतरला, सोबतीला गटातली एक मैत्रीण. चिकाला पोचल्यावर दुपारपर्यंत डोकं उतरलं. मैत्रिणीची खिंड मात्र माझ्यापायी हुकली, ते मला अजून लागतं. आदल्या संध्याकाळी बोलले असते तर एक मुक्काम वाढवून कदाचित सगळेच गेलो असतो.

पायांतली ताकद वेगळी आणि विरळ हवेची सवय वेगळी. केदारकांठाचा माथा ३,८१० मीटर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्या किनाऱ्यावरच्या जेमतेम दोन तृतीयांश. ही सवय फक्त दिवस देऊनच होते, त्यात तरुण वयाचा फायदा नाही. देहरादूनहून दिवसभर गाडीत बसून सांकरीला पोचाल, ते १,९५० मीटरच्या आसपास आहे. तिथे एक दिवस जास्तीचा मागून घ्या. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर कालच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचीवर झोपू नये, असा नियम आहे.

डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक मरणं किंवा गळून जाणं असेल तर पुढे चढायचं नाही. थांबूनही वाढलं तर उतरायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा सरळ रेषेत चालता येत नसेल, तर रात्र असली तरी खाली. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही नकोत. उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

आता पाय. पाऊण तासाचं सपाट चालणं पुरणार नाही. बोरीचा सिद्धनाथ डोंगर तुम्हाला जवळ आहे. आठवड्यातून तीनदा पाठीवर पाच-सहा किलो घेऊन तो चढा, आणि उतरताना घाई करू नका, गुडघे उतारावरच बोलतात. वेग असा ठेवा की शेजारणीशी गप्पा मारता येतील. वरही हाच वेग ठेवायचा. मार्चमध्ये वनखात्याची परवानगी काढून सत्तरीतल्या सोसोगडावर एक दिवस काढा. १,१६६ मीटरचा हा गोव्यातला सर्वांत उंच माथा, पण तिथल्या हवेने उंचीची सवय होत नाही, तो पायांसाठीच.

बूट आत्ताच घ्या आणि याच चढांवर रुळवा. सुती कपडे घामाने भिजले की वाळत नाहीत आणि गारठवतात, ते घरीच ठेवा. लोकरीचे मोजे मात्र दोन जोड जास्त घ्या.

हे उत्तर मुलीलाही वाचायला द्या. रोज रात्री तंबूत एकमेकींना विचारा, डोकं दुखतंय का, नीट जेवलीस का. तिनेही खरं सांगायला हवं. पंचविशीतली मुलं फार लपवतात.