खडीचा रस्ता आणि मोटारीचे चाक

प्रश्न : मॅकॅडम पद्धतीचे खडीचे रस्ते घोडागाड्यांच्या काळात जवळजवळ शतकभर टिकले. मग रबरी चाकांच्या मोटारी आल्यावर ते का उखडले? अमेरिकेतला लिंकन हायवे तरी आरंभापासून पक्का होता का?

उत्तर : रबरी चाक मऊ, तेव्हा ते रस्त्याला सोसेल, असे कोणालाही वाटेल, पण घडले उलटेच, आणि त्याचे कारण जॉन मॅकॅडम यांच्या रचनेत आहे. मोठ्या दगडांचा पाया न घालता त्यांनी सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड नसलेली फोडीव खडी थरांनी पसरली. अशा खडीच्या धारदार कडा एकमेकींत अडकतात. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव वरची खडी भरडत असे, तिची भुकटी फटींत शिरे आणि पावसाच्या पाण्याने घट्ट बसे. वाहतूकच रस्त्याची डागडुजी करत होती म्हणा ना. रबरी चाक खडी भरडत नाही, उलट वेगाने फिरताना फटींतली भुकटी उपसून बाहेर काढते. मोटारीमागे उठणारा फुफाटा म्हणजे रस्त्याचे सांधणच होते. ते उडाले की खडी सुटी होई. यावर १९०२ साली मोनॅकोत डॉ. गुग्लिएल्मिनेत्ती यांनी रस्त्यावर कोळशापासून निघणारे डांबर फासून पाहिले, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडगर हूली यांनी टारमॅकचे, म्हणजे डांबर मिसळलेल्या खडीचे, पेटंट घेतले.

लिंकन हायवे मात्र ३१ ऑक्टोबर १९१३ रोजी जाहीर झाला तेव्हा बहुतांशी कच्चाच होता. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंकन पार्कपर्यंतचे ३,३८९ मैल हे मुख्यतः असलेल्या वाटा जोडून आखलेले होते, आणि पावसात मोटारी आसापर्यंत रुतत. त्यावर योजलेला ‘बीज मैलां’चा उपाय मला फार मोलाचा वाटतो. १९१४ साली इलिनॉयमधील माल्टाजवळ असा पहिला मैल काँक्रीटचा बांधला गेला. त्याच्या दोन्ही टोकांना पुन्हा त्याच चिखलाच्या चाकोऱ्या होत्या, आणि ते मुद्दामच होते, कारण हा एक मैल अनुभवलेल्या माणसाने पुढचा मैल हक्काने मागावा, अशी त्यामागची अपेक्षा होती.

काँक्रीटबरोबर विटाही वापरल्या गेल्या. नेब्रास्कातील एल्कहॉर्नजवळ १९२० साली विटांनी बांधलेला याच मार्गाचा सुमारे तीन मैलांचा तुकडा जतन केलेला असून त्यावरून आजही मोटार नेता येते.