एसव्हीजी कुठे कितपत चालतं

एसव्हीजी म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांच्या वर्णनाने लिहिलेलं चित्र. त्याला 'कुठला ब्राउझर चांगला?' असं विचारू नकोस. कुठला भाग कुठे चालतो ते बघ. रेषा, वक्र, ग्रेडियंट (रंगांची चढउतार) क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघांतही बिनघोर चालतात. इंटरनेट एक्सप्लोररला हे 2011 मध्ये जमलं, पण त्याची काळजी आता सोड.

गोची कडेच्या गोष्टींत आहे. एसव्हीजी फॉन्ट, म्हणजे अक्षरांचे आकार एसव्हीजीतच लिहिलेले फॉन्ट, फायरफॉक्सने कधी घेतलेच नाहीत, क्रोमने 2014 मध्ये काढले, सफारीने मात्र ठेवले. त्यामुळे फक्त मॅकवरच्या सफारीत तपासलंस तर फसशील. आणि आयफोनवरचं क्रोम बघून 'क्रोम तपासलं' म्हणू नकोस, आत बहुधा वेबकिट, म्हणजे सफारीचंच इंजिन, असतं.

मराठी मजकुराकडे जास्त लक्ष दे. चित्र पानात इमेज टॅगने (img) वेगळी फाइल म्हणून लावलं, की बाहेरचा फॉन्ट कुठलाच ब्राउझर आत आणत नाही. ज्याच्या यंत्रावर जी देवनागरी असेल ती उमटते, रुंदी बदलते, शीर्षक चौकटीबाहेर जातं. हा दोष नाही, सुरक्षेसाठी मुद्दाम घातलेलं बंधन आहे. लोगोतली अक्षरं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाथ, म्हणजे नुसते आकार, करून टाक. मजकूर जास्त असेल तर एसव्हीजी थेट पानाच्या एचटीएमएल कोडमध्येच लिही. तिथे पानाचा वेबफॉन्ट (पानासोबत उतरणारा फॉन्ट) लागू होतो, शिवाय अक्षरं शोधताही येतात.