मूल हात उगारते तेव्हा

‘मुलगा चिडला की हात उगारतो, वस्तू फेकतो, त्याला ध्यान शिकवून शांत करता येईल का?’ असे अनेक पालक विचारतात. तिसरीतल्या एका मुलाचे आईवडील हाच प्रश्न घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बोलताना लक्षात आले की, बहुतेक भांडणे संध्याकाळी अभ्यासाला बसण्याच्या वेळी होत. आई मोबाइल हातातून ओढून घेई, मुलगा वही भिरकावून धाकट्या बहिणीला ढकले आणि वडील येऊन त्याला फटका देत. म्हणून मी सुरुवात पालकांपासून केली. रागाला आवर घालणारा मेंदूचा भाग विशी ओलांडल्यानंतरही काही वर्षे विकसित होत असतो. त्यामुळे एवढ्या लहान मुलाला सावरण्यासाठी जवळच्या मोठ्या माणसाच्या शांतपणाचाच आधार लागतो. मोबाइल मागण्यापूर्वी आईने दारातच थांबून आपले आवळलेले दात, ताठरलेले खांदे जाणून घ्यायचे, एक लांब श्वास सोडायचा आणि मगच मुलाशेजारी बसून बोलायचे, असे ठरले. वडिलांना हे फाजील लाड वाटले. फटक्याने मूल गप्प होते हे खरे. पण राग आला की हात उचलायचा, हेही ते त्यातूनच शिकते, असे माझे ठाम मत आहे.

मुलासाठी मानसशास्त्रज्ञ निर्भय सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेली तळपायांकडे लक्ष नेण्याची पद्धत निवडली. पाय जमिनीवर टेकवून बसायचे, राग आलेला प्रसंग आठवायचा, तो राग अंगात जाणवू द्यायचा आणि मग सारे लक्ष तळपायांकडे न्यायचे: बोटे हलवायची, टाचेला फरशीचा गारवा लागतो का ते पाहायचे. हा सराव मन शांत असतानाच, शक्यतो आईवडिलांसोबत करायचा असतो. ‘जा, डोळे मिटून बस’ असे दरडावले, तर ध्यानही शिक्षाच होऊन बसते.

वह्या त्यानंतरही काही वेळा भिरकावल्या गेल्या. मात्र एका संध्याकाळी बहिणीवर उगारलेला हात त्याने मध्येच थांबवला, पायाची बोटे फरशीवर दाबली आणि म्हणाला, “आई, मला खूप राग आलाय.” राग शब्दांत सांगता येणे ही माझ्या दृष्टीने मोठी प्रगती होती.

मूल स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा करत असेल, मुक्या प्राण्यांना छळत असेल किंवा त्याची झोप उडाली असेल, तर केवळ अशा सरावावर विसंबून न राहता बालमानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. शाळेत त्याला कोणी त्रास देत नाही ना, याचीही चौकशी करावी.