भयकथेतून तत्त्वज्ञानाकडे

प्रश्न : भयकथांचा फडशा पाडतो, पण तत्त्वज्ञानाचं पुस्तक दहा पानांतच मिटतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'पासून. निर्माणकर्त्याची जबाबदारी किती, हा प्रश्न त्यात भयाच्या पोटातच आहे. सुरुवातीची चार पत्रं रटाळ वाटतील, पण गाळू नका; शेवट त्यांनाच येऊन मिळतो. आवृत्ती शक्यतो १८१८ची घ्या. १८३१च्या सुधारित आवृत्तीत व्हिक्टर, म्हणजे कादंबरीतला तो निर्माणकर्ता, नियतीकडे जरा जास्तच बोट दाखवतो.

मग काफ्काचं 'मेटामॉर्फोसिस'. तीनच भाग, रोज एक. माणसाचा किडा झालाय आणि त्याला काळजी कसली, तर चुकलेल्या गाडीची!

त्यानंतर रोमन सम्राट आणि तत्त्वज्ञ मार्कस ऑरेलियसचं 'मेडिटेशन्स'. पहिल्या भागात वाचक अडकतो, कारण तिथे नुसते ऋणनिर्देश आहेत. दुसऱ्यापासून उघडा, दिवसाला दोन-तीन परिच्छेद पुरे.